वही पाहण्यापासून बोलण्यापर्यंत
भोपाळच्या हरित पीठाचा इतिहास, नालछ्याच्या बाजूने

धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागते. पावसाळ्यात मांडूकडे धावणाऱ्या गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि पुढे जातात. माळव्याच्या सुलतानांना मात्र ही जागा थांबण्याजोगी वाटली होती. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत तिचे कौतुक केले. इंग्रजी अमदानीच्या आरंभी जॉन माल्कमने इथल्याच एका पडक्या महालाची डागडुजी करून मुक्काम केला. त्याचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ मध्ये निघाला. माळव्यातल्या पंचायती तंटे कसे ऐकतात आणि कसे मिटवतात, हे त्यात त्याने बारकाईने नोंदवले आहे.

स्मरणिकेत सहसा देवळाचा, वाचनालयाचा, गणेशोत्सवाचा इतिहास येतो. या पानांवर तंटे ऐकणाऱ्या ज्या संस्थेचा इतिहास आहे, तिच्यासाठी आपल्यापैकी कोणी वर्गणी काढलेली नाही. ती आहे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे भोपाळचे मध्य क्षेत्रीय पीठ, आणि तिच्या आधी त्याच कामासाठी उभी राहिलेली, चाललेली, बंद पडलेली अपिलाची दालने. धार-देवासच्या मराठी घरांशी या दालनांचा संबंध जवळचा आहे. कोणाच्या भाच्याचा पीथमपुरात छोटा कारखाना, कोणाचे मेहुणे देवासच्या कारखान्यात, कोणी सरकारी नोकरीत, तर कोणाची शेती नाल्याच्या खालच्या अंगाला. प्रदूषणाबद्दलच्या एकाच हुकमाचा कागद या चौघांना चार वेगवेगळ्या बाजूंनी दिसतो. त्या हुकमाविरुद्ध बोलण्याचा हक्क यांपैकी कोणाला, कधी आणि किती मिळाला, हाच या संस्थेचा खरा इतिहास आहे.

आधीची वहिवाट

सुनावणी हा शब्द आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकांच्या आधीपासून आहे. मराठी मुलुखात वतनाचा, हद्दीचा, पाण्याचा तंटा गोतसभेपुढे जाई. दोन्ही पक्षांच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, साक्षी होत आणि मग महजर तयार होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. त्या सभेत जातीची उतरंड होती आणि बायकांना जागा नव्हती, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिचा एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तंटा दोघांचा असला तरी कागदावर निशाणी गावाची असे.

धारच्या पवारांचे आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे राज्य १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये हा मुलूख मध्य प्रदेशात आला. दरबार गेले, कचेऱ्या राहिल्या. कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल कोणाकडे जायचे, याचे उत्तर या कचेऱ्यांपाशी नव्हते.

१९७४ : मंडळ आणि वही

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २३ मार्च १९७४ रोजी अमलात आला. पाणी हा राज्यांचा विषय. त्यामुळे संसदेला हा कायदा करण्यासाठी आधी राज्यांचे ठराव लागले. ज्या बारा राज्यांनी ते दिले, त्यांत मध्य प्रदेश होता. महाराष्ट्र नव्हता, कारण त्याने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. केंद्राचा कायदा त्याने १९८१ मध्ये स्वीकारला. म्हणजे या एका बाबतीत माळव्यातला मराठी माणूस पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपेक्षा सात वर्षे आधी केंद्रीय कायद्याखाली आला.

१९७४ मध्येच मध्य प्रदेशाचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. मुख्यालय भोपाळला. पुढे देवास आणि धारलाही क्षेत्रीय कार्यालये आली. मंडळाचे मुख्य हत्यार म्हणजे संमतीपत्र. सांडपाणी सोडायचे तर पंचविसाव्या कलमाखाली मंडळाची संमती घ्यायची, तिच्या अटी पाळायच्या. संमती नाकारली, काढून घेतली किंवा अटी जाचक वाटल्या, तर अठ्ठाविसाव्या कलमाखाली तीस दिवसांत अपील करायचे. ते ऐकायला राज्य सरकारने एक किंवा तीन जणांचा अपिलीय प्राधिकारी नेमायचा. अट अवाजवी ठरली, तर तो ती रद्द करू शकतो किंवा तिच्या जागी दुसरी घालू शकतो. दिवाणी न्यायालयाची वाट याच कायद्याने बंद केली, म्हणून या एका दालनाचे महत्त्व फार.

आता त्या कलमाची भाषा पाहा. तीस दिवस मोजायचे ते हुकूम ‘त्याला’ कळवल्याच्या तारखेपासून. हुकूम कळवला जातो कारखानदाराला. त्यामुळे दालनाचा दरवाजा त्याच्याच उंचीचा बसवल्यासारखा झाला. नाल्याच्या खालच्या अंगाला ज्याची विहीर, त्याच्या नावाने कागद निघतच नाही, मग त्याचे तीस दिवस सुरू कधी होणार?

तरी त्याच कायद्यात, पंचविसाव्या कलमाच्या सहाव्या पोटकलमात, एक लहानशी खिडकी ठेवलेली होती. मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी आणि त्या सांडपाण्याशी ज्याचा संबंध आहे किंवा ज्याला त्याची झळ बसते, अशा कोणालाही ती कामाच्या वेळात पाहू द्यावी, अशी ती तरतूद. गावकऱ्याला १९७४ पासून वही पाहता येत होती. तीत लिहिलेल्या अटी अपुऱ्या आहेत, हे सांगायला त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली नव्हती.

हुकमाला दात आले

सुरुवातीला मंडळाला एखादा कारखाना थांबवायचा तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागे. मग १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र आली. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला आणि त्याच्या पाचव्या कलमाने सरकारला थेट बंदचा हुकूम काढण्याचा अधिकार मिळाला. हवेच्या प्रदूषणावरच्या वायू कायद्यात १९८७ मध्ये, जल कायद्यात १९८८ मध्ये तशीच कलमे घालण्यात आली. जल कायद्याचे तेहतीस-क हे ते कलम. आता मंडळ स्वतःच कारखाना बंद करू शकत होते, वीज कंपनीला वीज तोडायला आणि पाणीपुरवठा करणाऱ्याला पाणी तोडायला सांगू शकत होते.

वीज तुटली की भट्टी थंड होते आणि त्या आठवड्याचा पगार अडतो. पूर्वी मॅजिस्ट्रेटसमोर दोन्ही बाजू आपोआप ऐकल्या जात. ती पायरी गेल्यावर ऐकून घेण्याची जबाबदारी हुकूम काढणाऱ्याच्याच गळ्यात आली. सुनावणीचे नियम यानंतर कसोशीने लिहिले गेले, ते याच कारणाने.

नोटिशीपासून निकालापर्यंत

हा क्रम एकदा नीट सांगायला हवा, कारण बहुतेक तंटे कायद्याच्या मोठ्या तत्त्वावर हरले जात नाहीत, ते तारखेवर आणि पोचपावतीवर हरले जातात.

पहिली पायरी नमुन्याची. अधिकारी सांडपाण्याचा नमुना घेतो, तेव्हा तो तपासायला पाठवणार असल्याची नोटीस त्याने तिथल्या तिथे द्यायची असते. नमुन्याचे कारखानदारासमोर दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना मोहोर लावायची, दोघांनी सह्या करायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा भाग कायद्याने ठरवलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. ही रीत पाळली नाही, तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. एकविसाव्या कलमातली ही तरतूद कारखानदारांच्या वकिलांना तोंडपाठ असते. कारखानदाराने मात्र त्या दिवशी बाटलीवर सही करताना दुसरा भाग मागितलेला असावा लागतो.

दुसरी पायरी नोटिशीची. पर्यावरण (संरक्षण) नियमांतला चौथा नियम सांगतो की काय हुकूम काढायचे मनात आहे ते आधी लेखी कळवा आणि हरकत घ्यायला किमान पंधरा दिवस द्या. हरकत आल्यावर किंवा मुदत संपल्यावर पंचेचाळीस दिवसांत ठरवा : हुकूम कायम, बदलून, की मागे. जल कायद्याखालच्या केंद्रीय नियमांतही हीच घडण आहे. थांबल्याने पर्यावरणाला गंभीर इजा होईल अशी स्थिती असेल, तर न ऐकताही हुकूम काढता येतो. पण तसे का केले याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. पुढे अपिलात पहिला प्रश्न बहुधा याच ओळींवर येतो. कारण खरोखर घाईचे होते, की घाई हीच सवय झाली होती?

तिसरी पायरी म्हणणे मांडण्याची. इथे नुसता रडका अर्ज उपयोगी पडत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्राची रोजची नोंद, विजेचे वेगळे मीटर, रसायनांच्या खरेदीची बिले, गाळ नेल्याच्या पावत्या यांची मांडणी तारखेवार करावी लागते. मंडळाच्या बाजूनेही पाहणी अहवाल आणि त्यावरच्या सह्या तितक्याच नेटक्या हव्यात.

चौथी पायरी अपिलाची, तीस दिवसांची. तिच्यात पायऱ्या गाळता येत नाहीत. तुतिकोरिनच्या तांबे कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०१९ रोजी हेच बजावले. जिथे कायद्याने आधी अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जायला सांगितले आहे, तिथे तो टप्पा ओलांडून थेट हरित न्यायाधिकरणात उडी मारता येणार नाही.

हैदराबादचा धडा

अठ्ठाविसाव्या कलमाच्या दालनातले दुबळेपण देशाला दिसले ते हैदराबादच्या एका प्रकरणात. उस्मान सागर आणि हिमायत सागर हे त्या शहराचे पिण्याच्या पाण्याचे तलाव. त्यांच्या पाणलोटात उभ्या राहू पाहणाऱ्या एका तेल-पदार्थांच्या कारखान्याला आंध्र प्रदेशच्या मंडळाने संमती नाकारली. कारखाना अपिलात गेला. अपिलीय प्राधिकारी म्हणजे एकटे निवृत्त न्यायाधीश. कारखान्याच्या बाजूने एका शास्त्रज्ञाचे प्रतिज्ञापत्र आले, तंत्र सुरक्षित असल्याचे सांगणारे. ते तपासून पाहणारा जाणकार दालनात दुसरा कोणी नव्हता. अपील मंजूर झाले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २७ जानेवारी १९९९ च्या निकालात न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले : विज्ञानाचा वाद ऐकायला बसणाऱ्यांत कायदा जाणणाऱ्याबरोबर विज्ञान जाणणाराही हवा. डिसेंबर २००० मध्ये अखेरचा निकाल मंडळाच्या बाजूने लागला, तलाव वाचले. पुढे हेच न्यायमूर्ती राव विधी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २००३ च्या १८६ व्या अहवालात त्यांनी पर्यावरण न्यायालयांचा आराखडाच मांडला. निकालात लिहिलेली सूचना पुढे स्वतःच्याच हाताने आराखड्यात उतरवण्याची संधी थोड्या न्यायाधीशांना मिळते.

दिल्लीतली रिकामी खुर्ची

मधल्या काळात प्रयोग झाले. १९९५ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणाचा कायदा झाला, पण ते न्यायाधिकरण कधी बसलेच नाही. १९९७ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अपिलीय प्राधिकरण आले. प्रकल्पाची झळ बसू शकेल अशा व्यक्तीला आणि संघटनेला तिथे अपील करता येई, ही मोठी गोष्ट. पण विषय एकच, प्रकल्पांना मिळालेली पर्यावरण मंजुरी. मंडळांचे हुकूम त्याच्या कक्षेबाहेर. शिवाय २००० मध्ये अध्यक्ष निवृत्त झाले आणि ती खुर्ची पुन्हा भरली गेली नाही. संस्था कायद्याने जन्मते आणि नेमणुकांनी जगते, हे त्या दशकाने शिकवले.

भोपाळचे पीठ

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा १८ ऑक्टोबर २०१० रोजी अमलात आला. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती लोकेश्वर सिंह पंटा. मुख्य पीठ दिल्लीत आणि क्षेत्रीय पीठे भोपाळ, पुणे, कोलकाता व चेन्नईत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड भोपाळकडे आले, महाराष्ट्र आणि गोवा पुण्याकडे. हैदराबादचा धडा रचनेतच बसवलेला होता : न्यायिक सदस्याशेजारी तज्ज्ञ सदस्य.

दिवाणी प्रक्रिया संहितेने न्यायाधिकरण बांधलेले नाही. त्याने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी चालायचे. नुकसानभरपाईची मागणी नसेल तर फी एक हजार रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. अपिलाची मुदत तीस दिवस, सबळ कारण असेल तर आणखी साठ, त्यापुढे नाही. सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच म्हणतो. निकाल मान्य नसेल तर नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

भोपाळच्या पीडितांचाही या संस्थेच्या घडणीत हात आहे. गॅसपीडित महिलांच्या संघटनेने उपचारांसाठी लढवलेल्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०१२ रोजी सांगितले की पर्यावरण कायद्यांखालची प्रकरणे यापुढे हरित न्यायाधिकरणात जावीत. आजाऱ्यांच्या औषधासाठी केलेल्या अर्जाने देशभरच्या नद्या-नाल्यांच्या फायली या दालनाकडे वळवल्या.

पीठाच्या जागेवरूनही वाद झाला. उच्च न्यायालय जबलपूरला, मग हे पीठ भोपाळला का, असा आक्षेप जबलपूरच्या वकिलांनी घेतला. १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीठ भोपाळलाच ठेवले आणि त्याच निकालात स्पष्ट केले की हरित न्यायाधिकरण असले तरी उच्च न्यायालयाचे घटनादत्त अधिकार शाबूत आहेत. सदस्यच नाहीत म्हणून क्षेत्रीय पीठे बसू शकली नाहीत, असेही दिवस आले. २०१८ नंतर काही काळ दिल्लीचे पीठ पडद्यावरून क्षेत्रीय प्रकरणे ऐकत होते. रिकाम्या खुर्चीचा जुना आजार इथेही डोकावला.

आणि सर्वांत मोठा बदल एका पोटकलमात आहे. अठराव्या कलमाने दाद मागणाऱ्यांच्या यादीत लिहिले : कोणतीही बाधित व्यक्ती, तिच्यात प्रातिनिधिक संस्था आणि संघटनाही धरून. मंडळाचे तेहतीस-क खालचे हुकूम, अपिलीय प्राधिकाऱ्याचे निकाल, पर्यावरण मंजुऱ्या, सगळे या यादीसमोर आले. मार्च २०१३ मध्ये अरुणाचलातल्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने मुदतीचा प्रश्नही सोडवला. मंजुरी संकेतस्थळावर, वर्तमानपत्रांत आणि स्थानिक संस्थेच्या फलकावर आली, की लोकांना ती कळवली गेली असे धरायचे. ‘त्याला’ कळवण्याच्या जागी ‘त्यांना’ कळवणे आले.

नालछ्याच्या बाजूने

आता आपल्या जिल्ह्याकडे. पीथमपूर धार जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. १९८० च्या दशकात तिथे गाड्यांचे कारखाने आले आणि मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक वसाहतींची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली. त्या यादीत इंदूर, देवास, नागदा-रतलाम आणि पीथमपूर ही चारही नावे होती.

याच पीथमपुरात घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र उभे राहिले आणि भोपाळच्या बंद कीटकनाशक कारखान्यातला कचरा कुठे जाळायचा, या प्रश्नाचे उत्तर फिरत फिरत तिथे आले. २००८ मध्ये सुमारे चाळीस टन चुनखडीचा गाळ इथे पुरला गेला. उरलेल्या कचऱ्यासाठी अंकलेश्वर झाले, नागपूरजवळची भट्टी झाली, जर्मनीतले हॅम्बुर्ग झाले. कुठे सरकारने, कुठे लोकांनी, कुठे न्यायालयाने नाही म्हटले. ऑगस्ट २०१५ मध्ये पीथमपुरात दहा टन कचरा जाळण्याची चाचणी झाली. ३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सरकारला चार आठवड्यांत कचरा हलवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा घेऊन बारा कंटेनर निघाले. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झाले आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला.

पुढे चाचण्या झाल्या. प्रत्येकी दहा टन, ताशी १३५, १८० आणि २७० किलो या वेगाने. २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने चाचण्या थांबवण्यास नकार दिला होता. उरलेला कचरा ५ मे ते जूनअखेर जाळून संपला.

कचरा जाळायला हवा होता की नव्हता, याचा निवाडा हा लेख करत नाही. भोपाळच्या वस्तीत तो चाळीस वर्षे पडून राहणे हाही अन्यायच होता. इथे सांगायचे आहे ते प्रक्रियेबद्दल. कचरा हलवण्याचे आणि जाळण्याचे हे शेवटचे निर्णय उच्च न्यायालयाच्या देखरेखीत झाले. आदेश निघाले ते सरकारच्या नावे, भट्टी चालवणाऱ्याच्या नावे. पीथमपूरला त्याची वार्ता मिळाली, नोटीस मिळाली नाही. लोकांचे म्हणणे रस्त्यावर आधी उमटले आणि न्यायालयात नंतर. ६ जानेवारीला उच्च न्यायालयाने लोकांमधले गैरसमज दूर करण्यासाठी आणखी सहा आठवडे दिले, म्हणजे ऐकणे आणि समजावणे कंटेनर पोहोचल्यावर सुरू झाले. पंधरा दिवसांची जी नोटीस एखाद्या छोट्या कारखानदाराला हक्काने मिळते, ती गावाला मिळाली असती तर निर्णय बदलला असता असे नाही. आगीपर्यंत जाणारी वाट मात्र लांब झाली असती.

दंडाचा नवा अधिकारी

या इतिहासाचे नवे पान १ एप्रिल २०२४ चे. जनविश्वास कायद्याने वायू आणि पर्यावरण कायद्यांतल्या बहुतेक गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. तो ठरवायला न्यायनिर्णय अधिकारी आला. त्याने चौकशी करायची, म्हणणे ऐकायचे, दंड ठरवायचा आणि त्याविरुद्ध अपील पुन्हा हरित न्यायाधिकरणातच. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या चौकटीत मंडळांनाही भरपाई वसूल करण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. कोर्टातून कचेरीकडे, मॅजिस्ट्रेटकडून अधिकाऱ्याकडे असा हा पन्नास वर्षांचा ओघ आहे. अधिकारी जितका बलवान होतो, तितकी त्याच्या समोरची खुर्ची भक्कम हवी.

ती वही

पन्नास वर्षांत कारखानदाराला नोटीस, मुदत, दुसरी बाटली आणि अपील मिळाले. गावाला आधी फक्त पाहणे मिळाले, मग मंजुरीविरुद्ध बोलणे आणि २०१० पासून मंडळाच्या हुकमावरही बोलणे. पण बोलायचे तर आधी काय लिहिले आहे ते कळायला हवे, आणि ते त्या पहिल्या वहीतच असते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकाला एक काम. नाल्याचे पाणी रंगले, विहिरीला वास आला, तर मोर्चाच्या आधी धार किंवा देवासच्या क्षेत्रीय कार्यालयात जा. सोबत दोघे-तिघे घ्या, ग्रामपंचायतीचे पत्र असेल तर उत्तम. त्या कारखान्याच्या संमतीच्या अटी मागा, वाचा, उतरवून घ्या. पाहणीचा अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेऊन या. तुम्ही कधी विचारले, याचा तो शिक्का हाच तुमच्याकडचा पुरावा.